नळ तेव्हाही गळायचा का

रिकोतीची खिंड उतरताना
वाझाने काच खाली केली, म्हणाला, आला वास.
त्बिलिसी अजून शंभर किलोमीटर लांब.
डिझेलचा असेल, एतेरी म्हणाली.
म्झिया मागे तोंड उघडं टाकून झोपलेली,
मांडीवर चीजच्या रोटीचं तेलकट पुडकं.
मी काही बोलले नाही.
मला खिंडीच्या अलीकडेच आला होता.

चौघं एकत्र, एकोणीस वर्षांनी.
प्रत्येकजण अधूनमधून येऊन गेलेला,
दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, कुणाच्या तरी मयताला.
नुसतं यायचं म्हणून कुणीच नाही.

शनिवारी पहाटे
सोलोलाकीच्या चढावर एतेरीचा गुडघा बोलायला लागला
आणि आम्ही सगळे तिच्यासाठी थांबलो,
म्हणजे आपापल्या दमासाठी.
एका मोडक्या सज्जावरून जांभळ्या फुलांचा वेल
असा ओसंडलेला, की घर त्याच्याच जिवावर उभं असावं.
तळघरातल्या भट्टीतून रोटी घेतली,
होडीसारखी, टोकाला करपलेली,
आणि टोक कुणी मोडायचं यावरून
पन्नाशीची चार माणसं रस्त्यात भांडली.

गंधकाच्या हमामात आम्ही तिघी.
वाझा बाहेर पिशव्या राखत बसला.
अंग घासणारी बाई हाताला धरून उताणी पाडायची
आणि खरखरीत कापडाने अशी घासायची
की कातडीसोबत दोन-चार वर्षंही जावीत.
म्झियाच्या पोटावरचा लांब वण पाहून
तिचा हात थांबला, मग त्याच्या कडेकडेने गेला.
आम्हाला त्या वणाचं माहीत नव्हतं.
वाफ होती ते बरं झालं.

किल्ली माझ्याकडे होती.
सगळ्या पर्सा बदलल्या, ती प्रत्येकीत उतरत गेली.
वाझा म्हणाला, लागणार नाही.
लागली नाही. पण कुलपात खुडबुड ऐकून
दार आतून उघडलं,
तोंडात ब्रश धरलेली एक पोर, विशीची,
पायात दोन वेगळे मोजे.
आम्ही इथे राहायचो, मी म्हणाले,
चोर पकडला गेल्यावर म्हणतो तसं.

तिने आत घेतलं.
खिडकीतलं तुतीचं झाड आता खिडकीच्या वर गेलेलं.
भाडं किती सांगितल्यावर एतेरी खाली बसली.
आम्ही तिला सांगत होतो तो काळ,
मेणबत्तीवर नकाशे काढायचो,
आणि मध्यरात्री कधीतरी वीज आली
की अख्खं आवार ओरडायचं, आली!
अनोळखी माणसं जिन्यात एकमेकांना मिठ्या मारायची.
ती मान डोलवत होती,
लहान मुलांना ऐकवतात तसं आपण यांचं ऐकावं, अशी.
मग एकदम म्हणाली,
हा नळ तेव्हाही गळायचा का?

पाणी असलं तर, चौघंही एकदम म्हणालो.

आणि मग हसू जे सुटलं ते आवरेना,
म्झिया पोट धरून, नेमकं त्याच जागी,
भिंतीला टेकत खाली खाली गेली.
पोरीला काही कळलं नाही,
तरी तीही हसली, पेस्टचा फेस हनुवटीवर.

रविवारी सगळे डोंगरावरच्या बागेत गेलो,
वाझा सोडून.
तो कुठूनशी सायकलची जुनी ट्यूब मिळवून
तिच्या नळाची चकती कापत बसला होता.
संध्याकाळी आला तेव्हा बाही ओली,
चेहरा एखादं लग्न लावून आल्यासारखा.

दिदुबेच्या बाजारातून हिरवे आलुबुखार घेतले,
कागदाच्या पुरचुंडीत मीठ.
गाडीत कुणी फारसं बोललं नाही.
खाऊन खाऊन दात असे आंबले
की बोलणं तसंही जमलं नसतं.
खशुरीच्या पुढे अंधार पडला.
म्झियाने तिचा हात माझ्या हातात ठेवला आणि
विचारू नकोस, म्हणाली.
मी आलुबुखार पुढे केला.
तिने मीठ लावलं.

पुढच्या सीटवरून वाझा, स्वतःशीच:
ट्यूब जुनी होती. फार तर वर्षभर टिकेल.